स्ट्रीमिंगसाठी घेतलेलं स्वस्त ग्राफिक्स कार्ड: नाव एक, आत चिप भलतीच

जुन्या, बेताच्या संगणकावरून गेम लाइव्ह दाखवायला गेलं की एकतर गेम अडखळतो, नाहीतर स्ट्रीम. मग कुठेतरी 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' हे एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड फारच स्वस्तात दिसतं आणि घेतलं जातं. कार्ड बसतं, स्क्रीन लागते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावही बरोबर येतं. विकणारा ओबीएस, म्हणजे स्ट्रीम करायचा मोफत प्रोग्रॅम, उघडून स्ट्रीम चालूही करून दाखवतो. घरी मात्र जरा जड गेम लावला की काही मिनिटांत स्क्रीन काळी पडते किंवा संगणक गोठतो. विचारायला गेलं तर ठरलेली उत्तरं मिळतात: तुमचा पॉवर सप्लाय कमी पडतोय, सेटिंग कमी करा, आणि ड्रायव्हर अपडेट करू नका, आम्ही दिलाय तोच ठेवा. खरी मेख या शेवटच्या सूचनेत आहे.

अशा कार्डात बहुतेक वेळा २०१०-११ सालची फर्मी पिढीची चिप असते, जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयवाली. कार्डाचा बायोस, म्हणजे कार्डावरच साठवलेला मूळ प्रोग्रॅम, बदलून त्यात खोटं नाव आणि मेमरीचा खोटा आकडा भरलेला असतो. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर असतात, या चिपांमध्ये १९२. सांगितलेल्या ४ जीबीपैकी प्रत्यक्षात अनेकदा १ जीबीच असते. डेस्कटॉप, व्हिडिओ, हलका गेम तेवढ्यात भागतो, म्हणून समोर बसून घेतलेली चाचणी बिनबोभाट पार पडते. गेम आणि ओबीएस मिळून १ जीबीच्या पुढे गेले की कार्ड अस्तित्वातच नसलेल्या मेमरीत लिहायला जातं आणि सगळं कोसळतं. वर पॉवर सप्लायचा मुद्दाही अर्धा खराच असतो. १०५० टीआयला ७५ वॅट पुरतात, तर या जुन्या कार्डांना शंभराच्या वर लागतात.

ड्रायव्हरचं कारण साधं आहे. फर्मीसाठी नवे ड्रायव्हर काढणं एनव्हीडियाने २०१८ मध्ये ३९१ मालिकेवर थांबवलं. त्यामुळे १०५० टीआयसाठीचा नवा ड्रायव्हर त्या कार्डावर बसत नाही, किंवा बसवताच गडबड होते. 'अपडेट करू नका' म्हणजे 'उघडकीला आणू नका'.

स्ट्रीमिंग करणाऱ्याकडे हे ओळखायची एक खात्रीची खूण असते, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. स्ट्रीमचं चित्र दाबून पाठवण्याजोगं करणारं सर्किट म्हणजे हार्डवेअर एन्कोडर. एनव्हीडियाचा हा एन्कोडर, म्हणजे एनव्हीएन्क, २०१२ च्या केप्लर पिढीपासून आला. फर्मीमध्ये ते सर्किटच नाही. बायोसमध्ये नाव खोटं लिहिता येतं, सर्किट लिहिता येत नाही. ओबीएसमध्ये सेटिंग्ज, मग आउटपुट, मग एन्कोडरची यादी उघडा. खऱ्या १०५० टीआयवर, त्या कार्डासाठीचा ताजा ड्रायव्हर असेल तर, तिथे एनव्हीएन्क दिसलाच पाहिजे. विकणारा चाचणी दाखवतो ती एक्स२६४ या सॉफ्टवेअर एन्कोडरवर. वर म्हणतो, 'यावर क्वालिटी चांगली येते.' एक्स२६४ ची क्वालिटी चांगली असते हे खरं, पण ते सगळं काम प्रोसेसर करतो. त्या चाचणीत एन्कोडिंगपुरता कार्डाचा कस लागलेलाच नसतो.

दुसरी तपासणी जीपीयू-झेडची. हा छोटा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. २०१८ मधल्या २.१२ आवृत्तीपासून तो अशी अनेक बनावट कार्डं ओळखून नावाआधी 'फेक' असं लिहितो. त्याने लिहिलं नाही तरी स्वतः वाचा. चिप जीपी१०७ हवी, १४ नॅनोमीटर, ७६८ शेडर (म्हणजे कोअर), १२८ बिट, जीडीडीआर५. तिथे जीएफ१०६, जीएफ११६ किंवा ४० नॅनोमीटर दिसलं तर विषय संपला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावावर भरवसा ठेवू नका. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडी काढा. १०५० टीआयचा डिव्हाइस क्रमांक १सी८२ आहे. ०डीसी४ किंवा १२४४ आला तर ती जुनीच चिप. क्रमांक बरोबर आला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, तोही बदलता येतो. कार्डावर व्हीजीए पोर्ट असणंही संशयास्पद: १०५० टीआयची, म्हणजे पास्कल पिढीची चिप ॲनालॉग सिग्नल देत नाही. शेवटी ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅममधली व्हीरॅम, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, चाचणी चालवा, ४ जीबीचा दावा तिथे लगेच उघडा पडतो. विकणारा यातलं काही करू देत नसेल तर कार्ड घेऊ नका, मग किंमत काहीही असो.

काही कार्डं नावाला खरी असतात आणि तरी 'स्ट्रीमिंगसाठी उत्तम' म्हणून गळ्यात मारली जातात. जीटी १०३० मध्ये एनव्हीएन्क नाही. शिवाय तिची डीडीआर४ वाली आवृत्ती जीडीडीआर५ वालीपेक्षा कितीतरी मंद आहे आणि नाव दोन्हींचं तेच. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटीमध्येही व्हिडिओ एन्कोडर नाही. त्यातून त्या पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरतात, म्हणून जुन्या मदरबोर्डवर आणखी मागे पडतात.

मुळात कार्ड हवं का, हे पैसे काढायच्या आधी ओबीएसच सांगतो. स्ट्रीम चालू असताना स्टॅट्सची खिडकी उघडी ठेवा. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे, आधी गेमचे एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मर्यादित करा. एक्स२६४ वर एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर प्रोसेसर पुरा पडत नाही. नेटवर्कमुळे फ्रेम गळत असतील तर कुठलंही कार्ड त्यावर इलाज नाही. एन्कोडिंगचाच प्रश्न असेल आणि प्रोसेसर इंटेलचा, २०११ च्या सँडी ब्रिजपासून पुढचा, अंगभूत ग्राफिक्सवाला असेल, तर क्विक सिंक, म्हणजे इंटेलचा हार्डवेअर एन्कोडर, बहुधा आधीच पदरात आहे. वेगळं कार्ड लावल्यावर अंगभूत ग्राफिक्स अनेकदा बंद पडतं, मग ते मदरबोर्डच्या बायोसमध्ये चालू करावं लागतं. काही ऑफिसच्या मॉडेलांत ती सोय नसते. तेही नसेल तर ७२०पी, ३० एफपीएस, सीबीआर (स्थिर बिटरेट), २५०० ते ३००० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंद आणि एक्स२६४ चा व्हेरीफास्ट प्रीसेट. चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर हलके गेम एवढ्यात बरे निघतात.

कॅप्चर कार्डाच्या, म्हणजे बाहेरचं चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाच्या, बाबतीत खोटेपणा दोन थरांचा आहे. पहिला म्हणजे 'हे लावलं की संगणकावरचा लोड जातो' हा दावा. ज्या संगणकावर गेम चालतो त्यावरूनच स्ट्रीम करायचं असेल तर कॅप्चर कार्डाचं काम नाही, ओबीएसचं गेम कॅप्चर पुरतं. ही स्वस्त कार्डं फक्त चित्र आत आणतात. स्ट्रीमचं एन्कोडिंग संगणकालाच करावं लागतं. कन्सोल जोडायचा असेल तरच त्यांचा उपयोग. दुसरा थर खोक्यावरच्या '४के ६०, यूएसबी ३.०' चा. आत बहुधा एमएस२१०९ ही यूएसबी २.० ची चिप असते. १०८०पी ६० चं वाययूवाय२ रूपातलं, न दाबलेलं चित्र सेकंदाला जवळपास २००० मेगाबिट होतं आणि यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० आहे. म्हणून ती चिप १०८०पी ला ३० फ्रेम देते, त्याही एमजेपीईजीत दाबून. ४के फक्त आत घेता येतं, संगणकाला मिळत नाही. प्लगच्या निळ्या प्लास्टिकवर जाऊ नका, पिना मोजा: यूएसबी ३ ला पुढे चार आणि मागे पाच असतात. हार्डवेअर आयडीत ५३४डी आणि २१०९ दिसलं की ओळख पटली.

'ऑप्टिमाइझ करून देतो, एफपीएस दुप्पट' म्हणणाऱ्यांपासून जास्त जपा, कारण इथे चॅनलच जातं. रिमोट ॲक्सेस घ्यायचा, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करायला लावायचं आणि 'बूस्टर' चालवायचा, ही त्यांची पद्धत. असा प्रोग्रॅम ब्राउझरमधली लॉगिन सेशन उचलू शकतो, मग दुपदरी पडताळणीही वाचवत नाही. ओबीएस पूर्ण मोफत आहे, त्याची 'प्रो' आवृत्ती विकणारा खोटं बोलतोय. शोधयंत्रातल्या जाहिरातीवरून तो कधीच उतरवू नका. कुणाला ॲक्सेस देऊन झाला असेल तर दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग आउट करा, स्ट्रीम की (चॅनलवर स्ट्रीम पाठवायचा गुप्त कोड) नवी काढा आणि त्या संगणकावर विंडोज नव्याने टाका.

बनावट कार्ड हातात आलंच असेल तर बायोस परत बदलायच्या फंदात पडू नका, पुरावा जाईल. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, कार्डावरच्या स्टिकरचे आणि पोर्टांचे फोटो, विक्रेत्याने लिहून दिलेलं वर्णन हे सगळं परत करण्याच्या मुदतीत पाठवा. तक्रारीत 'नीट चालत नाही' असं लिहू नका. 'वर्णनातली चिप नाही' असं लिहा, कारण पहिल्यावर दुरुस्तीचं आश्वासन मिळतं. 'कार्ड ठेवा, थोडे पैसे परत देतो' असा निरोप हमखास येतो. तो स्वीकारला की तक्रार बहुधा तिथेच बंद होते.