आधी माझुर्का घ्यावी की पोलोनेझ?

पियानोवर वॉल्ट्झ वाजवून झालेत आणि आता पोलिश संगीतकार शोपॅंचं काहीतरी त्याच्या देशाच्या नाचावरचं, म्हणजे माझुर्का किंवा पोलोनेझ हवंय, तर बरेच जण थेट ओपस (रचनेचा क्रमांक) 53 चं ए-फ्लॅट पोलोनेझ काढून बसतात, कारण कानावर तेच पडलेलं असतं. प्लीज, इतक्यात नको. मधल्या भागात डाव्या हाताला सलग ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) पळवायचे आहेत, मनगट आखडलं की संपलंच.

माझुर्का आणि पोलोनेझ, दोन्ही तीन मात्रांचेच नाच, पण चाल एकदम वेगळी. पोलोनेझमध्ये जोड्या रांगेने रुबाबात चालत येतात, आजही पोलंडमध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेला साधारण शंभर दिवस उरले की मुलांचा नाचाचा समारंभ होतो आणि तो पोलोनेझनेच सुरू होतो. ठेका टाम्-तकि-टाम्-टाम्-टाम्-टाम्, एकदा हातात बसला की मेट्रोनोमबरोबर छान चालतो. अवघड असतात ते जाडजूड कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे अनेक सूर.

माझुर्काचं उलटं, नोट्स बऱ्याचदा सोप्या आणि ठेका हाताला लागत नाही. शोपॅं शाळकरी असताना 1824 आणि 1825 च्या सुट्ट्यांत शाफार्निया गावी राहिला, तिथे त्याने गावकऱ्यांचं गाणंबजावणं ऐकलं, आणि त्याच्या माझुर्कांत माझुर, संथ कुयावियाक, गरगर फिरणारा ओबेरेक हे सगळे पोलिश लोकनाच मिसळलेले आहेत. जोर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मात्रेवर, तोही जागा बदलत राहतो, त्यामुळे समेवर वजन टाकायची सवय असलेले आपण हमखास वॉल्ट्झ वाजवतो. शोपॅं स्वतः पहिली मात्रा इतकी लांबवायचा की पियानोवादक चार्ल्स हॅलेने त्याला सांगितलं, हे तर चार मात्रांत वाजतंय, शोपॅं आधी मानेचना, मग हॅलेने मोठ्याने चार मोजून दाखवले तेव्हा हसला आणि म्हणाला की हा त्या नाचाचा स्वभावच आहे.

माझं मत माझुर्का आधी, त्यातही हात लहान असेल तर नक्कीच. फक्त मोजणीच अजून डळमळत असेल तर जी मायनरमधलं छोटं पोलोनेझ घ्या, 1817 चं, शोपॅं सात वर्षांचा असतानाचं, त्यात ठेका स्पष्ट आहे आणि हाताला झेपतं.

माझुर्का घेतलीत तर ओपस 68 नंबर 3 चा मधला भाग आधी काढा. डाव्या हातात बी-फ्लॅट आणि एफ नुसते घुमत राहतात आणि वर सुरावटीत तीव्र मध्यम येतो, गावातल्या वाद्यांचा आवाज तिथे स्वच्छ ऐकू येतो. पियानोला हात लावण्याआधी खोलीत ती चालून बघा, दुसऱ्या पावलावर जरा थांबून.