मेसेज आला, टेम्पो गेला

फसवणारा माणूस घाई करतो, गोडगोड बोलतो आणि त्याला मालातलं ओ की ठो कळत नसतं, अशी माझी पक्की समजूत होती. मला ज्यानं फसवलं त्यानं पहिल्याच फोनवर विचारलं, "काका, स्पीकर 15 ओहमचे आहेत की 11 चे?" माझ्याकडच्या जातीच्या स्पीकरचे विजेच्या रोधावरून असे दोन प्रकार आहेत, ते जाणकारालाच माहीत. लातुरात हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. माझा निम्मा सौदा तिथंच झाला.

सामान माझ्या चुलत्यांचं. ते मस्कतला नोकरीला होते, 1980 साली कायमचे परत आले तेव्हा सोन्याऐवजी तीन वस्तू घेऊन आले: मरांट्झ 2270 रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत), थॉरेन्सचा टीडी 160 टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि रॉजर्सच्या एलएस3/5ए स्पीकरची जोडी. चुलतीनं त्यावरून त्यांना आयुष्यभर ऐकवलं, ते वेगळं. हे स्पीकर मुळात बीबीसीनं बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत, अडचणीच्या जागेत आवाज तपासायला बनवलेले. आकार बुटाच्या खोक्याहून थोडा मोठा, पण त्यातून माणसाचा आवाज येतो तो माणूस समोर बसल्यासारखा. मरांट्झची निळी डायल लावून चुलते सकाळी परभणी आकाशवाणी ऐकायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सगळी गल्ली लेकरंबाळं घेऊन रस्त्यावर आली. आमचे चुलते एका काखेत एक, दुसऱ्या काखेत एक असे स्पीकर घेऊन उभे होते.

ते गेल्यावर सामान माझ्याकडं आलं. 2023 साली जुनं घर पाडून बांधायचं ठरलं, पैसा कमी पडत होता, आणि मी जाहिरात टाकली. तिन्हीचे मिळून सव्वातीन लाख. फोन बरेच आले. "ब्लूटूथ आहे का?" "फायनल किती?" "बुफर किती इंची?" एकानं तर पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं. त्याला मी यथेच्छ झापलं आणि आपण कुणाच्या हाती सापडणारे नाही अशा थाटात बायकोला सांगितलं. आठवलं की आता लाज वाटते.

मग हा आला. 8 ऑक्टोबर, रविवार. पुण्याहून आलो म्हणाला, सोबत विशीतला भाचा. चाळिशीचा, स्वच्छ कपडे, पायातली चप्पल दाराबाहेर नीट काढून ठेवली. पिशवीतून स्वतःची, गवई मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी काढली, बारीक केसांच्या ब्रशनं पुसली आणि विचारलं, "लावू का मी?" टर्नटेबलच्या तबकडीवर बोटानं हलकं दाबून त्यानं ती स्प्रिंगवर कशी डोलते ते पाहिलं. बेल्ट कधी बदलला विचारलं. व्हॉल्यूमचा खटका रिकामाच फिरवला, एका जागी खरखर झाली. "कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की जाईल," असं वर मलाच सांगितलं. मग म्हणाला, "आता मोनोवर करा." मोनोवर, म्हणजे दोन्हीकडं एकच आवाज सोडल्यावर, दोन्ही स्पीकर सारखे असतील तर गवयाचा आवाज बरोबर मधोमध, रिकाम्या भिंतीतून यावा लागतो, एखाद्यातला ट्वीटर (वरचे बारीक सूर काढणारा भाग) बदललेला असेल तर तो एका अंगाला सरकतो. तो जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसला. आवाज मधोमधच आला. पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. चुलते गेल्यापासून त्या खोलीत असं ऐकणारं कुणी बसलेलं नव्हतं.

चहा झाला, भाकरी-ठेचा झाला. भाचा मात्र सारखा मोबाइलमध्ये होता आणि मामा म्हणतो तिथं मान हलवत होता. बायकोनं नंतर सांगितलं, त्या पोराच्या तोंडून एकदाही 'मामा' निघालं नाही. बायकांना हे दिसतं.

घासाघीस दणकून झाली. सुईच्या झिजेवरून दहा, व्हॉल्यूमच्या खरखरीवरून पाच, असं करत दोन लाख नव्वदवर आलो. ज्याला पैसे बुडवायचेत तो पाच हजारांसाठी कशाला भांडेल, असं मला वाटलं. तो त्याच्यासाठीच भांडला असावा. पाच हजार टोकन त्यानं तिथल्या तिथं यूपीआयनं दिले आणि ते खरोखर आले. उरलेले रोख द्या म्हटलं तर म्हणाला, "काका, दोन लाख किंवा त्यावर रोख घेतली तर दंड तुम्हालाच बसेल." हे खरं आहे. आयकर कायद्याचं 269एसटी कलम तेव्हा तेच सांगत होतं आणि दंड घेणाऱ्यालाच, घेतल्या रकमेएवढा. ठगाच्या तोंडून खरा कायदा ऐकला की माणूस पुढचं काही विचारत नाही. यूपीआयला दिवसाची एक लाखाची मर्यादा, कंपनीच्या खात्याचा ओटीपी भागीदाराच्या फोनवर, भागीदार गावाला, म्हणून चेक. तोही माझ्या हातात देणार नव्हता. "तुमच्या बँकेच्या पुण्याच्या शाखेत थेट तुमच्या खात्यात भरतो, मेसेज आला की मगच माल सोडा." केवढा सज्जन माणूस, असं मी म्हणालो. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी रात्रंदिवस, सुट्टीतही चालतं आणि त्यानं तासा-दोन तासांत पैसे पोचले असते, हे मला माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही, की आठवू दिलं नाही, कोण जाणे.

शुक्रवार, 13 ऑक्टोबर. दुपारी त्यानं बँकेचा शिक्का असलेल्या स्लिपचा फोटो पाठवला. थोड्या वेळात बँकेचा मेसेज: चेकनं 2,85,000 जमा. त्यापुढं बारीक शब्दांत 'वटण्याच्या अधीन' अशा अर्थाचं इंग्रजी होतं, ते मी सोमवारी वाचलं. ॲपमध्ये वरची शिल्लक वाढलेली दिसली. खाली 'उपलब्ध शिल्लक' म्हणून दुसरा आकडा असतो, तो होता तिथंच होता. चेक खात्यात नोंदला जाणं आणि त्याचे पैसे मिळणं यात क्लिअरिंगची पायरी आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद, रविवारी घटस्थापना. शुक्रवार त्यानं उगाच निवडला नव्हता.

संध्याकाळी सातला टेम्पो दारात. सामान बांधलं मीच. टर्नटेबलची जड तबकडी उतरवून वेगळी गुंडाळली, सुईच्या आर्मला सुतळीनं जागेवर बांधलं, बेल्ट पाकिटात घालून वर 'बेल्ट' असं लिहिलं. स्पीकरला काय गुंडाळावं सुचेना तेव्हा आईच्या हातची वाकळ काढली, जुन्या लुगड्यांची. त्याला फोन करून बजावलं, वाकळ तेवढी परत पाठवा. "नक्की काका, दिवाळीत स्वतः घेऊन येतो."

सोमवारी संध्याकाळी चेक परत आल्याचा मेसेज, आणि वर परतीचे चार्जेस माझ्याच खात्यातून कापलेले. बँकेच्या परतीच्या मेमोवर कारण: सही जुळत नाही. त्याचा फोन बंद.

चेक दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानदाराचा निघाला. त्याच्या चेकबुकातलं पान कधी गेलं ते त्यालाही कळलं नव्हतं. मी वकिलांकडं गेलो, चेक न वटल्याचं 138 कलम लावा म्हणून. ते म्हणाले, नोटीस मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत काढता येईल, पण ते कलम चेक देणाऱ्या खातेदारावर, आणि या बिचाऱ्यानं तर सहीच केलेली नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला. तिथं पैसे खात्यातून गेले असतील तर पुढच्या खात्यात अडवायची धडपड करतात. माझ्या खात्यातून एक रुपयाही गेला नव्हता, माल गेला होता. तो कुठल्या खात्यात अडवणार? शेवटी ठाण्यात 420 खाली गुन्हा नोंदला. (1 जुलै 2024 पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम 318 झालं.)

टेम्पोवाला लातूरचाच निघाला, स्टँडवरून ठरवलेला. पोलिसांनी त्याला माझ्यासमोरच विचारलं. "मला काय म्हाईत साहेब. पुण्याला जायचं म्हणून सांगितलं आन् निघाल्यावर फोन आला, औसा मार्गे उमरग्याला घे म्हणून. हायवेला एक गाडी उभी व्हती. पोरानं माल उतरून घेतला. माझं बी अर्धं भाडं ऱ्हायलंय." उमरग्याहून हैदराबादचा हायवे लागतो.

तपास अधिकारी भला माणूस होता. त्यानं वही उघडून विचारलं, "सिरीयल नंबर?" माझ्याकडं चाळीसेक फोटो होते. निळी डायल अंधारात, निळी डायल उजेडात, स्पीकरचं लाकूड तिरप्या उन्हात. मरांट्झच्या पाठीमागची नंबराची पट्टी एकाही फोटोत नव्हती. स्पीकरच्या मागच्या नंबरांचंही तेच. आता कुणी विकायला काढलं की मी आधी हे करायला लावतो: पाठीचा फोटो काढा, झाकण उघडून आत कुठंतरी पेन्सिलीनं खूण करा. आणि पैसे एनईएफटीनं किंवा आरटीजीएसनं घ्या. कुणी चेकच देत असेल तर त्याला म्हणावं, भरा, पण माल 'उपलब्ध' आकडा हलल्यावर, आणि तोही बँकेच्या खिडकीवर विचारून. ज्याला घ्यायचंच आहे तो चार दिवस थांबतो. माझ्या मित्राचं म्हणणं, एवढे पैसे असतील तर दोघांनी एकत्र बँकेतच जाऊन बसावं. तेही बरोबर आहे.

आठ महिन्यांनी हैदराबादची एक जाहिरात दिसली. मरांट्झ 2270. डायलचा डावीकडचा एक दिवा जरा पिवळट. तो मीच बदलला होता, निळा मिळाला नव्हता म्हणून. मी नाव बदलून फोन केला, चेक चालेल का विचारलं.

"चेक नक्को अंकल," पलीकडचा म्हणाला, "चेक में बहुत फ्रॉड हो रा."

मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. अधिकाऱ्यानं एकेक फोटो मोठा करून पाहिला. पुढून, डावीकडून, वरून, दिवे लावून. पाठीमागून एकही नव्हता.