सारथीची मॉक टेस्ट: लर्निंग लायसन्सच्या तयारीला पुरते का?

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी ॲप विकत घ्यायची किंवा क्लास लावायची काहीच गरज नाही. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर मॉक टेस्ट फुकट आहे, मराठीतही देता येते आणि खऱ्या परीक्षेच्याच साच्यातली आहे. महाराष्ट्रात परीक्षेला 15 प्रश्न असतात. त्यांतले 9 बरोबर आले की पास, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार 60 टक्के लागतात. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र वेळ असते, ती संपली की पुढचा प्रश्न येतो. पहिल्यांदा बसणाऱ्याची घाई होते ती इथेच. मॉक टेस्ट चार-पाच वेळा दिली की हा सेकंदांचा धसका जातो. एवढ्या एका कामासाठीसुद्धा ती द्यायलाच हवी.

मात्र नुसत्या मॉक टेस्टवर विसंबू नका. प्रश्न मोठ्या संचातून उचललेले असतात, त्यामुळे तीन वेळा 15 पैकी 13 मिळाले तरी संचातली कितीतरी वाहतूक चिन्हं तुमच्या डोळ्यांखालून गेलेलीच नसतात. दुसरी उणीव मोठी आहे: उत्तर बरोबर की चूक एवढंच कळतं, का ते कळत नाही. कारण कळलं नाही की माणूस पाठ करतो आणि प्रश्नातले शब्द जरा बदलले की अडखळतो.

म्हणून सुरुवात चिन्हांच्या तक्त्यापासून करा. आधी आकार आणि रंग पक्के करा. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा, निळं वर्तुळ म्हणजे सक्ती, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी, निळा चौकोन म्हणजे माहिती. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी आणि ‘वाट द्या’चा त्रिकोण उलटा, हे दोन अपवाद. एवढं डोक्यात बसलं की अनोळखी चिन्ह आलं तरी निम्मे पर्याय गळतात. डावीकडे वळलेला बाण त्रिकोणात असेल तर पुढे डावं वळण आहे, निळ्या वर्तुळात असेल तर डावीकडेच वळायचं आहे, आणि लाल वर्तुळात तिरक्या रेघेने कापलेला असेल तर डावीकडे वळायला बंदी. बाण तोच, अर्थ तीन.

मग फसवणाऱ्या जोड्या घ्या. लाल कडेच्या निळ्या गोलावर एकच तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली म्हणजे क्षणभरही थांबायचं नाही. लाल गोलात पांढरी आडवी पट्टी म्हणजे प्रवेश बंद. लाल कडेचं आतून रिकामं पांढरं वर्तुळ म्हणजे दोन्ही दिशांनी वाहनांना बंदी. रेल्वे फाटकाच्या त्रिकोणात फाटकाचं चित्र असेल तर तिथे राखणदार आहे, इंजिनाचं असेल तर नाही. निळ्या चौकोनात नुसता लाल क्रॉस म्हणजे प्रथमोपचार, सोबत खाट असेल तर रुग्णालय. उंचीच्या आणि रुंदीच्या मर्यादेची पाटी सगळ्यात जास्त चुकते: आकड्याच्या वर-खाली खुणा असतील तर उंची, डावी-उजवीकडे असतील तर रुंदी.

नियमांच्या प्रश्नांत सरकारी मराठी आडवी येते. शिकाऊ अनुज्ञप्ती म्हणजे आपलं लर्निंग लायसन्स, आदेशात्मक म्हणजे पाळलीच पाहिजेत अशी चिन्हं. रोजच्या बोलण्यात हे शब्द नसतात, म्हणून मॉक टेस्ट ज्या भाषेत द्याल त्याच भाषेत खरी परीक्षा द्या. इंग्रजीत सराव करून ऐनवेळी मराठी निवडली तर येणारी उत्तरंही चुकतात.

काही उत्तरं रोज रस्त्यावर दिसतं त्याच्या उलट असतात. राखणदार नसलेल्या फाटकाशी काय करायचं? ‘हॉर्न देऊन पटकन पार करा’ हे चूक. गाडी डावीकडे थांबवायची, उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी रेल्वेगाडी किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करायची, मग निघायचं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 131 मध्येच हे आहे. घाटात अरुंद रस्त्यावर वाट चढणाऱ्या गाडीला द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी मागे घसरते आणि पुन्हा उचलणं कठीण जातं. ओव्हरटेक उजवीकडूनच, पुढचा उजवीकडे वळण्याचा इशारा देत असेल तेवढ्यापुरता डावीकडून. निसरड्या रस्त्यावर गिअर उतरवून वेग कमी करायचा, कारण जोरात ब्रेक दाबला तर चाक अडकून गाडी घसरते. फुटपाथ नसेल तर पायी जाणाऱ्याने उजव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी त्याला दिसते. अपघातात कुणी जखमी झालं तर आधी वैद्यकीय मदत, आणि पोलीस ठाण्यात खबर जास्तीत जास्त 24 तासांत.

हाताचे इशारेही सोडू नका. आता सगळ्या गाड्यांना इंडिकेटर असले तरी प्रश्न येतात. हात सरळ बाहेर म्हणजे उजवीकडे, हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला तर डावीकडे, तळवा खाली ठेवून हात वर-खाली केला तर वेग कमी होतोय.

बाजारातली जुनी गाइडं मात्र जपून वापरा. कमाल वेगाचे आकडे 2018 च्या अधिसूचनेने बदलले. कारसाठी द्रुतगती मार्गावर ताशी 120 किमी, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 आणि पालिका हद्दीत 70 ही केंद्राची कमाल मर्यादा आहे. राज्य किंवा स्थानिक यंत्रणा ती कमी करू शकते. गाइडात याहून जुने आकडे दिसले तर वेगाचं पान सोडून द्या.

आधार वापरून घरून परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडं. आधारला मोबाइल जोडलेला हवा, नाहीतर ओटीपीपाशीच गाडं अडतं. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहावा लागतो. पुढे कॅमेरा चालू असतो, म्हणून उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसा, पाठीमागे खिडकी नको आणि खोलीत दुसरं कुणी नको. आधार न वापरता अर्ज केला तर आरटीओत वेळ घेऊन तिथल्या संगणकावर परीक्षा द्यावी लागते. वय 40 पेक्षा जास्त असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1ए, आधीच तयार ठेवा.

गुण द्यायचे तर मॉक टेस्टला पाचपैकी साडेतीन. चिन्हांचा तक्ता दोन संध्याकाळी, नियम एका संध्याकाळी, मग मॉक टेस्ट, असा क्रम ठेवा. सलग पाच वेळा 13 च्या वर आल्याशिवाय खरी परीक्षा उघडू नका. 9 वर पास होता येतं, पण नापास झालात तर परीक्षेची 50 रुपये फी पुन्हा भरावी लागते. पास झाल्यावर मिळणारं लायसन्स 6 महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. पास व्हाल त्या दिवशीच लर्निंग लायसन्सची पीडीएफ उघडून नाव, जन्मतारीख आणि वाहनाचा प्रकार वाचून घ्या. गिअरच्या दुचाकीऐवजी बिनगिअरची निवडली गेली असेल तर तीच चूक पुढे पक्क्या लायसन्सच्या अर्जात जाते.