अपडेटनंतर काळा पडलेला डिस्प्ले: वर्षभराच्या वापरानंतरचं मत

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. १५.६ इंची फुल एचडी पॅनल, बाराव्या पिढीचा आय-५, आयरिस एक्सई ग्राफिक्स, १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी आणि विंडोज ११ होम. या वर्गातले लॅपटॉप आतून इतके सारखे असतात की पुढचं बहुतेक सगळं तुमच्याही मशीनला लागू पडेल. कीबोर्ड चांगला आहे, पंख्याचा आवाज फारसा नाही, बॅटरी दिवसाचं काम निभावते. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते एका अपडेटनंतर गेलेल्या डिस्प्लेबद्दल, आणि त्या निमित्ताने पॅनल बदलायचं जे ११,८०० रुपयांचं कोटेशन हातात पडलं त्याबद्दल.

लक्षण असं: चालू केल्यावर कंपनीचा लोगो दिसतो, खाली ठिपके फिरतात आणि लॉगिन यायच्या नेमक्या क्षणी पडदा काळा. मशीन मात्र जिवंत. कॅप्स लॉकचा दिवा लागतो, पासवर्ड टाकून एंटर दाबलं की नोटिफिकेशनचे आवाज येतात. सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, काळ्या पडद्यावर लॉगिनची चौकट पुसटशी दिसली, आणि निदान झालं: बॅकलाइट गेला, पॅनल बदला.

हे निदान घाईचं होतं. टॉर्चच्या उजेडात चित्र दिसलं तर एवढंच सिद्ध होतं की चित्र पॅनलपर्यंत पोचतंय आणि मागचा उजेड बंद आहे. उजेड का बंद आहे, ते टॉर्च सांगत नाही. बॅकलाइट चालू करायचा सिग्नल आणि किती उजेड हवा ते सांगणारा सिग्नल, दोन्ही मदरबोर्डकडून त्याच ईडीपी केबलने (मदरबोर्ड आणि पडदा जोडणारी बारीक केबल) पॅनलकडे जातात. विंडोज सुरू झाल्यावर त्यांचा ताबा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे, म्हणजे पडदा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, असतो. काही पॅनलचा उजेड पीडब्ल्यूएमच्या (झपाट्याने चालू-बंद होऊन उजेड ठरवणारा सिग्नल) वेगळ्या तारेवरून ठरतो, तर काहींचा केबलमधल्याच ऑक्स चॅनल या संदेशवाटेवरून. ड्रायव्हरने चुकीची पद्धत धरली की एलईडी पूर्ण शाबूत असूनही उजेड शून्यावर राहतो.

म्हणून खरा निवाडा बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सेटिंगच्या, स्क्रीनवर होतो. तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच, उजेड फर्मवेअर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सांभाळतं. चालू करताना एफ२ (काही कंपन्यांत एफ१० किंवा डिलीट) दाबत राहा, बायोसमध्ये शिरा आणि वीस-पंचवीस मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे पॅनल तापेल. मग झाकण हळूहळू जवळजवळ मिटेपर्यंत आणा आणि पुन्हा पूर्ण मागे न्या. उजेड स्थिर राहिला, लुकलुक नाही, रेघा नाहीत, तर पॅनल आणि केबल दोन्ही निर्दोष. बायोसमध्येही अंधार असेल किंवा बिजागरीच्या ठरावीक कोनात चित्र जात असेल, तर मात्र हार्डवेअर. रेघा दिसत असतील तर स्क्रीनशॉट काढून फोनवर पाहा. त्यात रेघा नसतील तर बिघाड पॅनल किंवा केबलकडचा.

या मशीनचा बायोस लख्ख दिसत होता. सर्व्हिस सेंटरमध्ये तो कुणी उघडलाच नव्हता. तिथे मशीन देणार असाल तर जॉबशीटवर 'बायोसमध्ये डिस्प्ले व्यवस्थित, विंडोज लोड झाल्यावर काळा' हे वाक्य लिहून घ्या आणि बायोस चालू असतानाचा व्हिडिओ जवळ ठेवा. पॅनल बदलायची सूचना तिथेच थांबते.

आता दुरुस्ती. आधी उजेड वाढवायचं बटण दाबून पाहा, मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. बीप वाजून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. एवढ्यावर भागलं तर उत्तम. नाही तर एचडीएमआयने टीव्ही जोडा, विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा आणि पुढचं काम टीव्हीवर बघून करा. एक खबरदारी: शट डाउन करून पुन्हा चालू केलं म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं असं नाही. फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून मागची अवस्था साठवून ठेवणारी सोय, असल्यामुळे ड्रायव्हरची जुनीच अवस्था परत येते. रीस्टार्टच करा, किंवा शिफ्ट धरून शट डाउन.

टीव्ही हाताशी नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की रिकव्हरीची निळी स्क्रीन येते. तिथे साधा ड्रायव्हर असतो, त्यामुळे ती दिसते. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह सुरू होणारं विंडोज. या वाटेवर बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू झालेलं असतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच काढून कागदावर लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये पडदा उजळला की दोष ड्रायव्हरचाच.

मग अपडेट हिस्टरीत 'ड्रायव्हर अपडेट्स'खाली डिस्प्लेची नोंद आणि तारीख पाहा. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अॅडॉप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे मागचा ड्रायव्हर परत आणणं. दोन मिनिटांचं काम, पण बटण जिवंत असेल तरच.

माझा खरा राग या बटणावर आहे. मागचा ड्रायव्हर डिस्कवर शिल्लक नसेल तर ते करडं पडतं. आणि तो पुसून टाकायची सोय डिस्क क्लीनअपमध्येच आहे: 'डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस' ही खूण. जागा मोकळी करायच्या नादात लोक सगळ्या चौकटींवर खुणा करतात, आणि एक-दोन जीबीसाठी परतीचा रस्ता स्वतःच्या हाताने बंद होतो. त्या चौकटीवर खूण करू नका. त्याहून संताप येतो तो लॅपटॉप कंपनीचा. सपोर्ट पेजवर फक्त शेवटची आवृत्ती ठेवायची, जुन्या काढून टाकायच्या. ज्या ड्रायव्हरसह मशीन विकलं, तो मशीनच्या आयुष्यभर डाउनलोडला ठेवायला काय जड जातं? लॅपटॉप घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर टाका. ११,८०० वाचवणारी गोष्ट तीच.

बटण करडं असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे ड्रायव्हर मुळापासून पुसणारं छोटं सॉफ्टवेअर. फाइल आधीच उतरवून ठेवा, वायफाय बंद करा, सेफ मोडमध्ये चालवा, इंटेल निवडा, 'क्लीन अँड रीस्टार्ट'. वायफाय बंद ठेवणं महत्त्वाचं, नाही तर विंडोज रीस्टार्टनंतर तोच नवा ड्रायव्हर पुन्हा ओढून आणतं. रीस्टार्टनंतर 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' दिसेल, अक्षरं मोठी होतील, उजेड कमी-जास्त होणार नाही. घाबरू नका. पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, मगच नेट जोडा. डीडीयूच्या ऑप्शन्समध्ये विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर येणं रोखायचीही सोय आहे, ती चालू करा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हेच काम ग्रुप पॉलिसी या सेटिंगमधून होतं.

इथवर लिहिलं तेव्हा माझं मत पक्कं होतं: जुना ड्रायव्हर धरून बसा, नव्याच्या वाटेला जाऊ नका. ते आता बदललंय. काही महिन्यांनी कंपनीच्या पेजवर नवा ड्रायव्हर आला, त्यात उजेडाचा दोष नाही. मात्र बॅटरीवर असताना पीडीएफ वाचता वाचता पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि माउस हलवला की परत यायचा. त्याचं कारण पॅनल सेल्फ रीफ्रेश. चित्र स्थिर असलं की ग्राफिक्स चिप चित्र पाठवणं थांबवते आणि पॅनल स्वतःच्या मेमरीतलं चित्र दाखवत राहतं. काही हललं की जोडणी जागी व्हायला हवी, तिथे वेळ चुकली की काळोख. इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये सिस्टिम, पॉवर, 'ऑन बॅटरी' इथे पॅनल सेल्फ रीफ्रेश बंद करा. बॅटरी दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास कमी चालते, पण त्यानंतर पडदा एकदाही गेलेला नाही. म्हणून मशीनबद्दलची माझी तक्रार मागे घेतो. सर्व्हिसबद्दलची कायम आहे.

तुमचा बायोसही काळा असेल, तर मात्र पॅनल किंवा केबल. वॉरंटी संपली असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटं पॅनल सर्व्हिस सेंटरपेक्षा बरंच स्वस्त पडतं. आधी जुन्या पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर वाचा आणि पिना मोजून घ्या: साध्या ६० हर्ट्झच्या फुल एचडीला बहुधा ३० पिना, टच किंवा १४४ हर्ट्झला ४०. केबलला हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढलाच पाहिजे. तो जोडलेला असताना केबल तिरकी ओढली गेली तर बॅकलाइटचा फ्यूज उडतो, मग नवं पॅनलही अंधारातच. काम करणाऱ्याने बॅटरी काढली की नाही, ते समोर उभं राहून बघा.

विंडोजची मोठी वार्षिक आवृत्ती आली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरचा नंबर एकदा तपासा. पडदा गेलाच, तर आधीच्या आवृत्तीवर परत जायला १० दिवस असतात.