जुन्या पुस्तकाच्या दुकानातली जाडी डिक्शनरी अन् आपलं 'जिन'

मी हिंगणघाटकडचा, आमच्याकडे जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचं काम, हा शब्द पोराले बोलता येते तेव्हापासून माहीत असते. मागच्या महिन्यात नववीतली पोरगी विचारून राहिली होती का बाबा, जिनिंगमधलं 'जिन' म्हणजे काय, अन् तिच्या छोट्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत पाहिलं तर एकच अर्थ, एक प्रकारची दारू. तिले पटलं नाही, मलेही नाही. मग बसस्टँडमागच्या जुन्या पुस्तकाच्या दुकानातून 350 रुपयात ही जाडी इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी आणली, शब्द कुठून आला तेही देते ती.

पैसे वसूल राजेहो! स्पेलिंग एक पण शब्दच दोन आहेत. दारूची जिन आली डच भाषेतल्या जेनेव्हरवरून, ज्युनिपर नावाच्या झाडाची फळं टाकून करतात ती. अन् आपलं जिन म्हणजे 'एंजिन'चंच तोडलेलं रूप, जुन्या फ्रेंचमध्ये एंजिन म्हणजे युक्ती, त्याच्या मागं लॅटिन इंजेनियम म्हणजे उपजत अक्कल, इंजिनियरही त्याच घरातला. म्हणून पाखरं-ससे धरायच्या फासालेही इंग्रजीत जिन म्हणत अन् वजन उचलायच्या यंत्रालेही. 1794 मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीनं सरकी वेगळी करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते कॉटन जिन.

मग पोरगी बसली ऐकायले सारखे शब्द शोधत. जीन्स निघाली इटलीतल्या जेनोआ शहराच्या नावावरून, ती वेगळी. पण बीटी कापसाच्या बियाण्यातला जीन, म्हणजे एका पिढीचे गुण दुसऱ्या पिढीत नेणारा घटक, हा शब्द 1909 मध्ये योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं ग्रीकवरून केला, अन् त्या ग्रीक शब्दाचं अन् इंजेनियमचं मूळ एकच, जन्माला घालणं या अर्थाचं. आपला 'जन्म'ही त्याच मुळाचा! म्हणजे बियातला जीन, जिनिंगचं जिन अन् आपला जन्म लांबचे भाऊबंद. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक उघडं ठेवून नुसता बसलो होतो, इतकी वर्षं बंडी भरून कापूस नेला जिनिंगमध्ये अन् कोणी सांगितलं नाही.

अक्षर फार बारीक आहे, भिंग लागते. मराठी अर्थ नाहीत म्हणून छोटी डिक्शनरीही जवळ ठेवा. बाइंडिंग ढिलं होतं, दुकानदार काकांनी पैसे न घेता चिकटवून दिलं अन् घ्यायच्या आधी अर्धा तास पानं चाळू दिली, असं दुकान तालुक्याले दुसरं नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी राहते, दुसऱ्या दिवशी जा.

माह्या बाबांनी 22 सीझन जिनिंगमध्ये काढले. त्यांना ते पान दाखवलं तर ओळीवर बोट ठेवून म्हणाले, यात आपल्या डबल रोलर जिनचं लिहिलं आहे का? मी दोनदा पाहिलं. व्हिटनीचं दातेवालं यंत्र आहे, रोलरचं एक अक्षर नाही. म्हणून पाचपैकी चारच स्टार.