बसचे रूट आधी टेस्टवर: आठ महिन्यांचा अनुभव

कोथरूडमधल्या एका शाळेच्या अकरा बस मी सांभाळते. आधी सगळं एक्सेलवर आणि ड्रायव्हरकाकांच्या अंदाजावर चालायचं. गेल्या जूनमध्ये रूट आखायचं सॉफ्टवेअर आलं, आणि त्यासोबत टेस्ट एन्व्हायर्न्मेंट. म्हणजे आमच्या बस, स्टॉप, मुलं यांची वेगळी प्रत. तिथे काहीही उलटंपालटं करा, सकाळची बस ठरलेल्या वेळीच निघते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या ट्रिपसाठी. 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, तेव्हापासून आमची तीच बस मोठ्या मुलांना सोडून छोट्यांना आणायला परत जाते. सॉफ्टवेअर दोन्ही ट्रिपना एकच वेग धरत होतं. सव्वासहाचा सिंहगड रस्ता आणि सव्वाआठचा सिंहगड रस्ता एकच कसा असेल? टेस्टवर मी दुसऱ्या ट्रिपचा वेग कमी केला आणि छोट्यांच्या स्टॉपवरचा थांबा वीस सेकंदांवरून एक मिनिटावर नेला, कारण बसमधल्या मावशी प्रत्येकाला हात धरून चढवतात. चौदा स्टॉपचा हिशोब लगेच नऊ मिनिटांनी वाढला. मग तो रूट दोन बसमध्ये वाटला. हे लाइव्हवर, म्हणजे खऱ्या बस धावताना कळलं असतं तर पहिलीतली पोरं रोज प्रार्थना संपल्यावर पोचली असती.

पावसाळ्याचा एक संच वेगळा करून ठेवलाय. आमच्या बस मुठेवरच्या बुटक्या भिडे पुलावरून जात नाहीत, पण खडकवासला धरणातून पाणी सोडल्यामुळे तो बंद झाला की गर्दी लकडी पूल आणि म्हात्रे पुलावर येते. त्या दिवशीच्या वेळा आता तयार असतात.

टेस्टला न दिसणारी गोष्ट म्हणजे रस्त्याची बाजू. धायरीकडच्या एका रूटमध्ये स्टॉप नकाशावर अगदी सोसायटीसमोर होता. प्रत्यक्षात मधे दुभाजक, म्हणजे दुसरीतल्या मुलीने रस्ता ओलांडायचा. काकांसोबत बसमध्ये बसून गेले म्हणून कळलं. तेव्हापासून टेस्टवर पास झालेला प्रत्येक रूट मी एकदा स्वतः फिरते, आणि हे कुणीही टाळू नये.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. ऑगस्टमध्ये टेस्टवर स्टॉप हलवला आणि रात्री साडेनऊला खऱ्या पालकांना ‘तुमचा स्टॉप बदलला आहे’ असे मेसेज गेले. कंपनीने प्रत बनवताना खरे नंबर तसेच ठेवले होते. चाळीस पालकांना मी एकेक फोन केला. घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सगळे नंबर बदलून घ्यावेत आणि मेसेज बंद आहेत हे स्वतःच्या फोनवर तपासावं. एवढं झाल्यावरही मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही.

येत्या जूनसाठी नऱ्ह्याची नवी बस सध्या टेस्टवर आहे. दोन स्टॉप मला अजून पटलेले नाहीत. शनिवारी काकांसोबत जाऊन बघणार आहे.