पाहावे कसे, कळवावे काय : ‘एफएम २१-७५’ या पुस्तिकेचे परीक्षण

अमेरिकी लष्कराने ऑगस्ट १९८४ मध्ये पायदळातील सैनिकासाठी काढलेली ‘एफएम २१-७५’ ही पुस्तिका आता वापरात नाही. २००८ मध्ये नव्या पुस्तिकेने तिची जागा घेतली. तरीही निरीक्षण आणि माहिती कळवणे या विषयांवरील तिचे भाग आजही वाचावेत असे आहेत, आणि एनसीसीत फील्डक्राफ्ट (मैदानावर लपणे, हालचाल आणि निरीक्षण करण्याचे कौशल्य) शिकलेल्यांना त्यांतील बराच मजकूर ओळखीचा वाटेल.

निरीक्षणाचा भाग अधिक सरस आहे. आधी साऱ्या टापूवरून झपाट्याने नजर फिरवून उघड लक्ष्ये, विसंगत रंग आणि हालचाल टिपायची, आणि मग जवळून सुरुवात करून ५० मीटर रुंदीच्या, एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या पट्ट्यांत, एकदा डावीकडून उजवीकडे तर पुढच्या खेपेस उलट, सारा टापू तपासायचा, ही पद्धत इतकी स्वच्छ मांडली आहे की कोणत्याही माळावर ती लगेच करून पाहता येते. अंधाराला डोळे सरावण्यास सुमारे ३० मिनिटे लागतात आणि रात्री वस्तूच्या किंचित बाजूला पाहिल्यास ती अधिक स्पष्ट दिसते, हेही नेमके सांगितले आहे.

अहवालासाठी ‘सॅल्यूट’ (इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव) ही सहा कलमांची चौकट दिली आहे : संख्या, कृती, ठिकाण, पथकाची ओळख, वेळ आणि साधनसामग्री. तिचा खरा उपयोग पाहणाऱ्याला तर्क लढवण्यापासून रोखण्यात आहे, असे मला वाटते. ‘शत्रू हल्ला करणार’ हा निष्कर्ष झाला. ‘पुलाजवळ तीन ट्रक थांबले, माणसे उतरून पूर्वेकडे गेली’ हे प्रत्यक्ष पाहिलेले. वेळ हे कलम क्षुल्लक वाटते, पण तेच गाळले तर दोन चौक्यांनी पाहिलेले तेच तीन ट्रक मुख्यालयाच्या हिशेबात सहा होऊ शकतात.

एक उणीव मात्र जाणवते. काहीच दिसले नाही, हीदेखील माहितीच असते आणि या सहा कलमांत तिला जागा नाही; प्रशिक्षकाने ती भर स्वतः घालावी. ड्रोनचा उल्लेख नसणे हा त्या काळाचा भाग आहे, त्याचा दोष पुस्तिकेला देता येत नाही. युद्धकैदी आणि हाती लागलेली कागदपत्रे यांवरील मजकूर मात्र प्रशिक्षण वर्गासाठी अपुरा आहे.